भिंतीपलीकडचा हात : तुर्भे येथील दूरहस्तन व रोबोटिकी प्रभागाची वाटचाल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मंडळाच्या स्वतःच्या इतिहासाबरोबरच, ज्या संस्थेच्या कार्याशी आपल्या भिलाईच्या पोलादनगरीच्या जीवनाचे काही आंतरिक नाते आहे अशा एका संस्थेचा वृत्तांत द्यावा, अशी तजवीज संपादकांनी केली आणि उभी हयात कारखान्याच्या देखभाल खात्यात घालविलेला मनुष्य म्हणून ते काम माझ्याकडे सोपविले. संस्था कोणती घ्यावी हे मात्र मी ठरविले नाही. ते सेक्टर १० मध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहणाऱ्या एका शाळकरी मुलीने ठरविले. सायंकाळी अंगणात बसलो असता तिने विचारले, "आजोबा, तुमच्या मिलमध्ये रोबो होते का हो?" मी सहज "नव्हते" म्हणून गेलो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण त्या मुलीस चुकीचे उत्तर दिले असे वाटून अस्वस्थ झालो.

कारण ज्या ब्लूमिंग मिलच्या गडगडाटात आमच्या पिढीचे कान तयार झाले, तेथे कित्येक टन वजनाची, बाराशे अंशांच्या घरात तापलेली इनगॉट रुळांमधून जाताना तिला बाजूस सारणारी, कुशीवर वळविणारी आणि पुन्हा रुळांच्या तोंडाशी आणून देणारी जी यंत्रणा होती, तिला आम्ही सारे मॅनिप्युलेटर म्हणूनच ओळखत होतो. आणि वर काचेच्या पल्पिटमध्ये बसलेला ऑपरेटर दोन दांडे हलवून त्या निखाऱ्याच्या पर्वताशी असा काही व्यवहार करीत असे की, जणू त्याचेच बाहू तेथवर लांबले आहेत. 'रोबो' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर पसरला आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. 'मॅनिप्युलेटर' ह्या शब्दाच्या मुळाशी मात्र लॅटिन भाषेतील हात आहे. ह्या दोन शब्दांपैकी दुसऱ्याचे कुळ मला अधिक आदरणीय वाटते, आणि भारतात त्या कुळाची सर्वांत दीर्घ, सर्वांत चिकाटीची परंपरा जर कोठे नांदत असेल तर ती मुंबईनजीक तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या दूरहस्तन व रोबोटिकी प्रभागात, असे माझे मत आहे.

ज्या काळी दुर्ग जिल्ह्याचे कागद नागपूरच्या सचिवालयाकडे रवाना होत असत, त्याच काळात भिलाई आणि तुर्भे येथील ह्या दोन्ही उद्योगांचा पाया घातला गेला. भिलाईच्या कारखान्याविषयी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तत्पूर्वी वर्षभर, ३ जानेवारी १९५४ रोजी, तुर्भे येथे अणुशक्ती आस्थापना स्थापन झाली होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, १९५७ मध्ये प्रशिक्षण शाळा निघाली, १९६० मध्ये कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली दुसरी मोठी अणुभट्टी सुरू झाली. मधल्या १९५९ च्या ४ फेब्रुवारीस आपल्या येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, हे भिलाईकरांस सांगावयास नको. होमी भाभा यांच्या १९६६ मधील अपघाती निधनानंतर, १९६७ च्या जानेवारीत, तुर्भ्याच्या आस्थापनेस त्यांचे नाव देण्यात आले.

परंतु अणुभट्टी उभारली म्हणजे काम संपत नाही. किंबहुना ज्या कामाची हकीकत येथे सांगावयाची आहे ते तेथूनच सुरू होते. भट्टीतून बाहेर आलेल्या इंधनाच्या कांड्या इतक्या प्रखर किरणोत्सर्गी असतात की, त्यांच्यासमोर मनुष्याने उघडे उभे राहणे हे मरणास पाचारण करण्यासारखे आहे. आणि तरीही त्या कांड्या कापाव्या लागतात, तपासाव्या लागतात, विरघळवून त्यांतील प्लुटोनियम वेगळे करावे लागते. १९६४ मध्ये तुर्भ्यास पुनर्प्रक्रियेचा कारखाना सुरू झाला तेव्हा हे काम प्रयोगशाळेच्या मापातून कारखान्याच्या मापात गेले. आमच्या भट्टीची आच अंगाला कळते, माणूस आपोआप मागे सरतो. तेथील आच अंगाला कळत नाही, हा ह्या दोन अग्नींमधील भेद आहे, आणि त्या भेदामुळे तुर्भ्याच्या अभियंत्यांवर आमच्याहून अधिक जबाबदारी येऊन पडली.

ह्यावरील उपाय म्हणजे ज्याला 'हॉट सेल' म्हणतात ती कोठडी. तिच्या भिंती जड काँक्रीटच्या, मीटरभर वा त्याहूनही जाड. खिडकी शिशाच्या काचेची, तीही भिंतीइतकीच जाड. आणि भिंतीच्या वरच्या भागातून आरपार गेलेल्या नळीत बसविलेले हातांचे जोड. अलीकडच्या हातास स्वामी आणि पलीकडच्यास सेवक म्हणण्याची रीत पडली आहे. अमेरिकेत शिकागोजवळील आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ ह्या अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र सिद्ध केले, आणि पुढील सर्व दूरहस्तकांचे ते आदिपुरुष ठरले. तुर्भ्याच्या अभियंत्यांनी ही विद्या आत्मसात करून असे दूरहस्तक स्वतः घडविले.

ह्या यंत्राच्या रचनेवर थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते. अलीकडे ऑपरेटर मूठ धरतो. ती मूठ पोलादी पट्ट्या, दोर, दात्यांची चाके आणि समतोलासाठी लावलेली वजने ह्यांच्याद्वारे पलीकडच्या चिमट्याशी बांधलेली असते. हात पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे न्यावा, मनगट तीन अंगांनी फिरवावे आणि बोटांनी पकड घ्यावी, अशा सात हालचाली जशाच्या तशा भिंतीपलीकडे उमटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही देवघेव उभयपक्षी असते : पलीकडचा चिमटा एखाद्या बाटलीस टेकला की त्या स्पर्शाचा प्रतिकार त्याच पट्ट्यांमधून परत येऊन ऑपरेटरच्या तळहातास कळतो. पट्टी सैल पडली, चाकांच्या दात्यांत खेळ वाढला, कोठे घर्षण चढले, तर हालचाल होत राहते. स्पर्श मात्र हरवतो, आणि स्पर्श हरवलेल्या हाताने काचेचे भांडे उचलणे किती कठीण आहे हे कडाक्याच्या थंडीत बधिर बोटांनी सदऱ्याची गुंडी लावू पाहणाऱ्यास सांगावे लागणार नाही. म्हणून अशा यंत्राची खरी परीक्षा ते किती वजन उचलते ह्यावर होत नाही. ते किती हलके वाटते ह्यावर होते.

परदेशातून अशी यंत्रे विकत आणून हा प्रश्न मिटला असता काय, असा प्रश्न कोणी विचारील. १८ मे १९७४ च्या पोखरण येथील चाचणीनंतर कॅनडाने राजस्थानातील दुसऱ्या अणुभट्टीच्या कामातून अंग काढून घेतले, अणुसामग्री विकणाऱ्या राष्ट्रांनी आपसांत संघ करून निर्यातीवर निर्बंध घातले, आणि ज्या यंत्रसामग्रीचा उपयोग अणुकार्यासाठी होऊ शकतो अशा सामान्य वस्तूंनाही परवाने नामंजूर होऊ लागले. अशा स्थितीत दूरहस्तन हा विषय जोडधंदा म्हणून ठेवून चालणार नव्हते. एम. एस. रामकुमार, मनजित सिंग, डी. एन. बडोदकर अशा अभियंत्यांच्या धुरीणत्वाखाली हे काम वाढत गेले आणि हात घडविणारी मंडळी क्रमाने डोळे, पाय आणि विचार घडविण्याकडे वळली.

येथे अभियांत्रिकीच्या नेतृत्वाविषयी माझे मत नमूद करणे मला कर्तव्य वाटते, कारण ह्या इतिहासाचे मर्म मला त्यात दिसते. रोबो म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर त्याची हुशारी येते. हॉट सेलमध्ये जाणाऱ्या यंत्राच्या मुख्य अभियंत्यास मात्र मसुद्याच्या पहिल्याच पानावर असे विचारावे लागते की, हे यंत्र बिघडेल तेव्हा काय होईल. कारण ते एकदा आत गेले की तेथे फिटर जाऊ शकत नाही. किरणोत्सर्गाने साधी काच तपकिरी पडते, म्हणून खिडकीच्या काचेत सेरियम मिसळावे लागते; रबर कडक होऊन तडकते, वंगण घट्ट होते, टेफ्लॉनचा भुगा होतो, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग तर सर्वांआधी माना टाकतात. म्हणून जे जे भिंतीबाहेर ठेवता येईल ते बाहेर ठेवावे, जे आत ठेवावे लागेल ते दुसऱ्या दूरहस्तकाने काढता-बसविता येईल असे असावे, आणि हात मधेच अडकून पडला तर तो सोडवून मागे ओढून घेण्याची वाट आधीच आखलेली असावी. जपानमध्ये २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर एका अणुभट्टीच्या इमारतीत पाठविलेला 'क्विन्स' नावाचा कुशल रोबो त्याची तार तुटल्यामुळे तेथेच अडकून पडला, ही गोष्ट ह्या विद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करून ठेवावी इतकी बोधप्रद आहे.

मला स्वतःला हे फार पूर्वी, आणि फार साध्या रीतीने, उमगले होते. एका कारखान्यात एका नव्या यंत्राचे बेअरिंग बदलण्याचा प्रसंग आला, तेव्हा असे आढळले की ते ज्या कोनाड्यात बसविले होते तेथे पाना फिरविण्यास जागाच नव्हती. आराखडा काढणाऱ्याने बेअरिंगचा हिशेब अचूक केला होता, परंतु ते बदलणाऱ्या मनुष्याच्या कोपराचा हिशेब केला नव्हता. दोन पाळ्या आम्ही त्या एका पान्यासाठी झगडलो. त्या रात्री मी वहीत त्या कोनाड्याचे माप लिहून ठेवले, आणि तेव्हापासून प्रत्येक बिघाडाचे माप लिहून ठेवण्याची मला सवय लागली. तुर्भ्याच्या कोठडीत कोपराला जागा आहे की नाही हा प्रश्न दोन पाळ्यांचा राहत नाही. तो संपूर्ण कोठडीच्या आयुष्याचा होतो.

पट्ट्या आणि दोर ह्यांची एक मर्यादा होती. स्वामी आणि सेवक भिंतीच्या दोन अंगांस जोडून असले पाहिजेत. कोठडी मोठी झाली, काम दूर गेले, की यांत्रिक दुवा पुरत नाही. तेव्हा दोहोंमधील पोलादाच्या जागी वीज आली. ह्या सर्वो-दूरहस्तकात अलीकडच्या सांध्याची स्थिती मोजून ती तारेने पलीकडच्या मोटारीस कळविली जाते आणि पलीकडचा प्रतिकार उलट मोटारीद्वारे ऑपरेटरच्या हातावर आणून सोडला जातो. गोर्ट्झनेच १९५४ मध्ये ह्याचा पहिला नमुना दाखविला होता. तुर्भ्याने आपले सर्वो-दूरहस्तक पुढे विकसित केले. ऐकण्यास सोपी वाटणारी ही गोष्ट घडविताना मात्र क्षणाच्या लहानशा अंशाचा विलंबही त्या हातास कापरे भरवितो, आणि ते कापरे शांत करावयास गेले तर स्पर्श मंदावतो. ह्या दोन दोषांमधून वाट काढणे म्हणजेच नियंत्रणशास्त्राची सारी साधना होय.

शेजारच्या अणुभट्टी अभियांत्रिकी विभागाचे कार्य ह्या प्रभागाच्या कक्षेबाहेरचे असले, तरी ते एकाच कुटुंबातील आहे आणि ते वगळून हा वृत्तांत पुरा होणार नाही. आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. भट्टी चालू असतानाच तिच्या दोन्ही तोंडांशी दोन यंत्रे एकाच नळीस येऊन चिकटतात, एक ताजे इंधन आत सारते आणि दुसरे जळलेले बाहेर काढून घेते, हेच मुळी एक भव्य दूरहस्तन आहे. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातील पिकरिंग येथे अशी एक नळी फुटली, आणि तशाच धातूच्या नळ्या असलेल्या आपल्या भट्ट्यांच्या अंतरंगात डोकावून पाहण्याची निकड उत्पन्न झाली. दाबनळी आणि तिच्याबाहेरची नळी ह्यांमध्ये अंतर राखणारी स्प्रिंगची कडी जागची सरकली की आतली नळी वाकून बाहेरच्या नळीस टेकते आणि त्या थंड ठिकाणी हायड्रोजन साचून धातू ठिसूळ होतो. भाभा केंद्राने ह्या नळ्या दुरून तपासणारी 'बार्सिस' ही यंत्रणा घडविली, आणि सरकलेल्या कड्या दुरूनच पुन्हा जागेवर आणणारी दुसरी यंत्रणाही घडविली. पुढे १९९० च्या दशकात राजस्थानच्या दुसऱ्या अणुभट्टीतील सर्वच्या सर्व नळ्या स्वदेशी विद्येने बदलण्यात आल्या. ज्या भट्टीच्या कामातून परदेशी सहकाऱ्याने अंग काढून घेतले होते, तीच ही भट्टी.

त्या विभागाची धुरा ज्यांनी दीर्घकाळ वाहिली ते डॉ. अनिल काकोडकर १९४३ साली बडवानी येथे जन्मले, म्हणजे आपल्याप्रमाणेच महाराष्ट्राच्या सीमेबाहेरच्या मुलखात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेतून यंत्र अभियांत्रिकी शिकून १९६४ मध्ये ते तुर्भ्यास रुजू झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कल्पाक्कमच्या दोन अणुभट्ट्यांत जड पाणी आत आणणाऱ्या वाहिन्यांचे भाग आतल्या आत मोडले, तेव्हा त्या भट्ट्या कायमच्या बरखास्त कराव्या लागतील अशी धास्ती निर्माण झाली होती. दुरून पाहणी करून, पाण्याच्या प्रवाहाची दिशा बदलून त्या प्रथम कमी क्षमतेवर चालविण्यात आल्या, आणि नंतर काही नळ्यांतूनच पाणी आत सोडण्याची नवी योजना बसवून त्यांची पूर्ण क्षमता परत मिळविण्यात आली. हातास पोहोचता येत नाही तेथे बुद्धीने पोहोचण्याचे ह्याहून उदात्त उदाहरण माझ्या माहितीत नाही.

स्वयंचलनाच्या क्षेत्रातही प्रभागाने पाऊल टाकले. कारखान्यातील सामान एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेणारी, चालकावाचूनची वाहने तेथे घडविली गेली. असे वाहन आपल्या चाकांचे फेरे मोजून आपण कोठे आहोत ह्याचा अदमास बांधते. परंतु चाक थोडे घसरले की तो अदमास चुकतो, आणि पुढील प्रत्येक चूक मागील चुकीवर रचली जाते. म्हणून त्यास लेसरचा डोळा द्यावा लागतो, जो भोवतालच्या खुणांचे अंतर व कोन मोजून तो हिशेब वेळोवेळी दुरुस्त करतो. यंत्रास स्वातंत्र्य देताना त्याच्या चुकीची मर्यादा आधी बांधून घ्यावी, हा जो नियम कोठडीच्या भिंतीपाशी शिकला गेला तोच येथेही उपयोगी पडतो, असे मला वाटते. मेंदूवरील शस्त्रक्रियेत सुई अचूक स्थानी नेणारी, सहा पायांवर तोललेली यंत्रणा हेही येथील अभियंत्यांचेच कार्य.

आणि आता ज्या यंत्राविषयी लिहिण्यासाठी मी इतका वेळ उत्सुक होतो त्याकडे येतो. कर्करोगावरील किरणोपचारासाठी कोबाल्ट-६० वापरणारी यंत्रे परदेशातून येत आणि ती महाग असल्यामुळे लहान शहरांतील रुग्णांच्या वाट्यास येत नसत. किरणोत्सर्गी स्रोत झाकून ठेवावा, नेमक्या क्षणी उघडावा, रुग्णाभोवती अचूक फिरवावा आणि वीज गेली तरी तो कोणासही अपाय न करता बंद व्हावा, हे सारे प्रश्न दूरहस्तनाच्या मंडळींनी अनेक वर्षे सोडविले होतेच. त्याच अनुभवातून 'भाभाट्रॉन' जन्मास आले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या रुग्णालयात त्याचा पहिला संच बसला. किरणांची चौकट पूर्णतः मिटविता येते आणि वीज खंडित झाल्यास बॅटरीवर काम चालू राहते, ह्या त्यातील दोन सोयी आपल्या तालुक्याच्या गावांची स्थिती जाणणाऱ्यानेच योजाव्यात अशा आहेत. ह्या यंत्रास लागणारा कोबाल्ट राजस्थानच्या रावतभाटा येथे सिद्ध होतो. त्याची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून स्रोत ठराविक मुदतीने बदलावा लागतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या योजनेतून भारताने हे यंत्र व्हिएतनामास भेट दिले. निखाऱ्यापासून माणसाचा हात वाचविण्यासाठी जी विद्या जन्मली, ती शेवटी रुग्णाच्या शय्येपाशी येऊन पोहोचली, ह्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

महाराष्ट्रात ह्या विद्येचे दुसरे पीठ पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण संशोधन संघटनेच्या अभियांत्रिकी आस्थापनेत आहे. तेथे घडलेला, जिने चढणारा आणि बाँब निकामी करणारा 'दक्ष' २०११ मध्ये लष्कराच्या स्वाधीन झाला. आपल्या उंबऱ्याशी म्हणाल तर, २०१६ मध्ये सुरू झालेली भिलाईची आयआयटी आधी रायपूरच्या सेजबहारला होती, ती आता कुटेलाभाट्याच्या स्वतःच्या परिसरात आली आहे. सेक्टर १० च्या मुलांना ती सायकलने गाठता येईल इतकी जवळ.

त्या मुलीस मी दुसऱ्या दिवशी माझी जुनी वही दाखविली आणि कोनाड्याच्या मापाची गोष्ट सांगितली. तिने ते माप आपल्या वहीत उतरून घेतले. ह्या निमित्ताने मंडळाच्या सर्व सेवानिवृत्त सभासदांस माझी अशी विनंती आहे की, कोक ओव्हन, झोतभट्टी, रेल मिल, कोणत्याही खात्यातील बिघाडांच्या ज्या नोंदी आपण पाळीच्या रजिस्टराबाहेर स्वतःच्या वहीत केल्या असतील, त्या रद्दीत घालू नयेत. नाव, खाते आणि साल घालून मंडळाच्या ग्रंथालयात जमा कराव्यात. ग्रंथालयातील पहिल्या कपाटाचा खालचा कप्पा त्यासाठी मोकळा करून ठेवला आहे, आणि माझ्या अकरा वह्या तेथे ठेवल्या आहेत.